मडक्याचं पोट, मडक्याची मान

मागच्या भागानंतर एकाची व्हॉइस नोट आली: "झाडाच्या सालीसारखी, पानांच्या शिरांसारखी खरबरीत सिरॅमिकची भांडी रीलवर बघतो. हे आपल्याकडं कधी होतं का?"

होतं. आणि फार लांब नाही.

आमच्या गेवराईकडच्या आज्जीच्या घरी एक रांजण होता. गळ्याखाली दोरीसारखा पीळ. लहानपणी मला तो साप वाटायचा. आज्जी म्हणायची, "आरं, वल्ला हात निसटू नये म्हणून असतंय ते." झालं, माझ्या सापाचा निकाल लागला!

आता गोदावरीनं जरा वर चला. पैठणच्याही पुढं, प्रवरेकाठी नेवासे लागतं. प्रवरेच्याच खोऱ्यात, संगमनेरजवळ जोर्वे गाव. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं, आणि त्या गावाचंच नाव एका संस्कृतीला मिळालं. काळ साधारण इ. स. पूर्व १४०० ते ७००. त्यांची चाकावरची भांडी लाल, वर काळ्या रंगाच्या रेषा, आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणखणतात. पुस्तकांत फोटो याच भांड्यांचे असतात.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच मडक्यांकडं जातं. हातानं केलेली, जाडजूड, राखाडी. काहींच्या गळ्याशी बोटं दाबून उठवलेली नक्षी. चिमटीएवढे खड्डे, एकापुढं एक. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बोटाची जाडी आजही मोजता येते.

ही मडकी कशाला वापरली? नेवाशात आणि पुढं घोड नदीकाठच्या इनामगावात तान्ही मुलं गेली की त्यांना अशा दोन मडक्यांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून आडवी, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. गावाबाहेर नाही. जिथं आई झोपते, तिथंच खाली.

इनामगावात एक चार पायांचा, न भाजलेल्या मातीचा फुगीर रांजणही सापडला. आत प्रौढ पुरुष, गुडघे पोटाशी घेऊन बसवलेला, गर्भात बाळ असतं तसा.

मग निसर्गाची नक्कल कुठं आहे, सांगा? मला वाटतं ती वरच्या नक्षीत कमी, आकारात जास्त आहे. आपण आजही घागरीचं पोट म्हणतो, मान म्हणतो, ओठ म्हणतो. ती मडकी घडवणाऱ्यांना हे शिकवायला रीलची गरज नव्हती.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास इनामगावची मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला, असं उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांचं मत. बीडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण त्या झोपड्यांच्या जमिनीखालीही लेकरांसाठी मडकी मिळतात, तशीच, तोंडाला तोंड लावलेली.

पुढच्या भागात तेरला जाऊ, गोरोबाकाकांच्या गावी.