तगरचे कापड आणि अनोळखी किनारा

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्यातील तेर हे गाव अरबी समुद्रापासून सरळ रेषेत 300 किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ज्या तेरणा नदीच्या काठी ते वसले, ती नदीही पश्चिमेकडे पाठ करून मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी पूर्वसमुद्राला. मराठवाड्याचे जे चित्र आधुनिक मराठी साहित्यातून आपल्या मनावर ठसले आहे त्यात कोरडवाहू शेत आहे, आटलेली विहीर आहे, गाव सोडून जाणारी माणसे आहेत. लाटांचा आवाज त्यात कोठेही ऐकू येत नाही. आणि तरीही तेरच्या सर्वांत जुन्या लिखित उल्लेखांपैकी एक आढळतो तो एका दर्यावर्दी माणसाच्या टिपणात. तेव्हा तेरचे नाव तगर होते. तगरचा माल ज्या किनाऱ्यावर उतरत असे तो किनारा मात्र सुरक्षित बंदराच्या आपल्या कल्पनेत बसणारा नव्हता. तो उथळ, खवळलेला, परक्या माणसाला चकवणारा असा होता. तगर आणि तो किनारा यांचे नाते काय होते, आणि ते पुढे कोणत्या रूपांत टिकले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

‘पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतील छोटा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिला गेला असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. लेखकाचे नाव अज्ञात आहे. तो इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक भाषक व्यापारी असावा, एवढे मजकुरावरून कळते. ग्रंथात वाङ्मयीन अभिनिवेश नाही. कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, कोणत्या महिन्यात निघावे, कोठे सावध राहावे, असा हा व्यवहार आहे. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघायचे आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भारताचा किनारा गाठायचा, हा त्याचा सल्ला. पण हा कोरडा हिशेबी माणूस भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ येतो तेव्हा त्याची भाषा बदलते. कच्छच्या रणाकडील समुद्राबद्दल तो सांगतो, की तेथे तळ एकाएकी वर येतो, लाटा उसळतात, भोवरे जहाजाला ओढतात आणि नांगराचे दोर तळाच्या खडकांवर कापले जातात. जमीन दिसण्याआधी पाण्यात मोठे काळे साप दिसू लागले की ओळखावे, आपण या धोक्याच्या प्रदेशात आलो. पुढे भडोचकडे हेच साप लहान, हिरवे आणि सोनेरी झाक असलेले होतात. नकाशा नसलेल्या काळात किनारा असा वाचावा लागे.

भडोच म्हणजे त्याचे बॅरिगाझा. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरांहूनही अधिक होतो. जगातील मोठ्या भरतीच्या प्रदेशांत त्याची गणना होते. आखाताच्या तोंडाशी उजवीकडे वाळूचा दांडा, डावीकडे खडकाळ भूशिर आणि मधून नर्मदेचे मुख शोधायचे. अमावास्येच्या रात्री भरती येते तेव्हा दूरवरून सैन्याचा कोलाहल ऐकू यावा तसा आवाज होतो आणि पाठोपाठ समुद्र घोंगावत वाळूच्या दांड्यांवरून आत घुसतो, असे त्याने नोंदले आहे. त्या लोटात सापडलेली जहाजे कलंडतात, उथळ जागी रुततात. हे सारे ऐकीव वाटत नाही. या मजकुरामागे स्वतः अनुभवलेली एक तरी रात्र असावी, असे वाचकाला सहज वाटते.

या किनाऱ्यावर परक्याला आत नेणारे लोक कोण होते? राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी. ते मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजांना दांड्यांमधून वाट दाखवत, वल्ह्यांच्या जोरावर ओढत नेत. भरती सुरू झाली की पुढे सरकायचे, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहांत नांगर टाकून थांबायचे. त्यांच्या होड्यांची दोन नावे ग्रीक मजकुरात आली आहेत: त्रप्पग आणि कोटुंब. ‘अंगविज्जा’ या प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीत ‘तप्पक’ आणि ‘कोट्टिंब’ ही नावे आहेत, डॉ. मोतीचंद्र यांनी हे साम्य दाखवून दिले. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे असे हे स्थळ आहे. त्या कोळ्यांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. त्यांच्या तोंडचे दोन शब्द मात्र एका परक्याच्या कानावाटे टिकून राहिले.

आता तगर. त्याच्या वाट्याला जवळजवळ एकच वाक्य आले आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर; तेथून गाड्यांवर घालून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून, साधे सुती कापड विपुल, तलम कापडाचे नाना प्रकार, आणि पूर्वेकडील किनारी प्रदेशातून तेथे येणारा माल भडोचला आणला जातो, असा त्याचा आशय आहे. अंतरे मोजून पाहण्यासारखी आहेत. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर, पैठण ते तेर सुमारे 150. दोन्ही टप्प्यांत दिवसाची चाल सरळ रेषेत 15 ते 18 किलोमीटर येते, आणि ती लादलेल्या बैलगाडीला शोभणारी आहे. दिशा तेवढी चुकली आहे, कारण तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. माणूस तगरला गेला नव्हता. गाडीवानांकडून किंवा भडोचच्या दलालांकडून त्याने हे ऐकले असावे. आणि गाडीवानाला दिशेपेक्षा दिवस नीट ठाऊक असतात.

मग प्रश्न असा, की तगरच्या मालाला कोकणचा किनारा त्या मानाने जवळ असताना तो एवढ्या दूर भडोचला का जात होता? पैठण, जुन्नर आणि नाणेघाट ओलांडून कल्याणला उतरण्याची वाट सातवाहनांच्या काळात राबती होती. याचे उत्तरही ‘पेरिप्लस’मध्येच आहे. कल्याण हे एका पूर्वीच्या राजाच्या काळात मान्यताप्राप्त बंदर होते. पुढे ते दुसऱ्याच्या हाती गेले आणि तेथील व्यापाराची कोंडी झाली. योगायोगाने जरी ग्रीक जहाज तेथे लागले तरी त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाई. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाची छाया येथे पडलेली आहे. कल्याणच्या दक्षिणेस चौल आणि आणखी काही बंदरांची नावे तो घेतो, आणि त्यापुढे चाचेगिरीचा इशारा देतो. म्हणजे किनारा दुर्गम होता तो केवळ लाटांमुळे नव्हे. निसर्गाने जेथे वाट ठेवली होती तेथे राजकारणाने ती अडवली, आणि तगरच्या विणकराचे कापड महिनाभर गाडीत हिंदकळत खंबायतच्या भयंकर भरतीपाशी जाऊन पोहोचले.

तगर म्हणजेच तेर, हे ठरायलाही बराच काळ जावा लागला. कोणी देवगिरी सुचवले, कोणी जुन्नर, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचा विचार मांडला. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरची बाजू मांडली आणि ती सर्वमान्य झाली. हेन्री कझिन्स यांनी तेथील विटांच्या मंदिरांचे वर्णन केले. आजचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे हे त्यातून पुढे आले. 1958 मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे आज तेरमध्येच शासकीय संग्रहालय आहे. सातवाहनकालीन मणी, नाणी, मातीच्या मूर्ती यांच्याबरोबर तेथे एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या प्रतिमेची तुलना अभ्यासक करतात. मूर्ती टिकल्या. तगरची ओळख ज्याने घडवली ते कापड मात्र आपल्या हवामानात टिकणे शक्यच नव्हते.

व्यापार ओसरल्यावर तेर आणि समुद्र यांचा संबंध संपला असता तर गोष्ट येथेच थांबली असती. पण तो वेगळ्या रूपात पुन्हा दिसतो. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या तिन्ही शाखा आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद मिरवतात. उत्तर कोकणच्या शाखेचे राज्य ठाणे, सोपारा, चौल या किनाऱ्यावर होते. तेरपर्यंत ते पोहोचलेले नव्हते. तरी आपले मूळ तगरचे, ही आठवण त्यांनी सुमारे साडेचारशे वर्षे जपली. तेरचा माणूस किनारा पाहायला गेला आणि तेथेच राज्य करू लागला, असा या बिरुदाचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पुरावा एवढे बोलत नाही. आठवण मात्र बोलते.

याच राजांनी आपली वंशकथाही किनाऱ्यावरच नेली आहे. ते स्वतःला जीमूतवाहन या विद्याधराचे वंशज म्हणवतात आणि त्यांचा ध्वज सुवर्णगरुडाचा आहे. ही कथा संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकामुळे परिचित असते. चौथ्या अंकात नायक मित्रावसूबरोबर समुद्राची भरती पाहायला निर्जन किनाऱ्यावर जातो. सहज फिरायला निघालेल्या त्या माणसाला दूरवर पांढरी शिखरे दिसतात. जवळ गेल्यावर कळते की ते गरुडाने रोज एक याप्रमाणे खाल्लेल्या नागांच्या अस्थींचे ढीग आहेत. त्या दिवशीच्या नागाच्या जागी तो स्वतः वध्यशिलेवर चढतो. शिलेवरचा आहार म्हणून शिलाहार, अशी कुलनामाची व्युत्पत्ती त्यांनी स्वीकारली. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरते की नाही हा वेगळा प्रश्न. एका राजवंशाने आपल्या नावात दोन जागा एकत्र बांधल्या हे अधिक लक्षणीय आहे: एक पठारावरचे शहर आणि एक माणसांनी न वसवलेला, भीषण किनारा.

तिसरा साक्षीदार अपभ्रंशातला. मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ हे काव्य अकराव्या शतकातील मानले जाते. हिरालाल जैन यांनी त्याचे संपादन करून 1934 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यात राजा करकंड तेरापूरला मुक्काम करतो आणि डोंगरातील लेणी पाहतो. ही धाराशिवचीच लेणी, हे वर्णनावरून ओळखू येते. त्याच काव्यात नायक पुढे सिंहलद्वीपाला जातो आणि परतीच्या सागरप्रवासात संकटात सापडतो. तेरच्या डोंगरापासून खवळलेल्या समुद्रापर्यंत जाणारे कथानक रचताना कवीला काही विचित्र वाटलेले दिसत नाही. अंतर त्याला जाणवत असेल, पण ते अशक्य वाटत नाही.

शिलाहारांचा शेवट समुद्रावरच झाला. 1265 च्या सुमारास उत्तर कोकणचा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून कळते. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवरचे नौकायुद्ध हेच, असे एक मत आहे. त्यानंतर ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवणारे उत्तर कोकणात कोणी उरले नाही.

आपण प्रादेशिक साहित्य शिकवतो तेव्हा कोकण, देश, मराठवाडा असे कप्पे पाडतो आणि कोकणाला समुद्र, मराठवाड्याला दुष्काळ अशी वाटणी करून मोकळे होतो. ही वाटणी सोयीची आहे, पण ती जुनी नाही. तगरच्या कापडाला, शिलाहारांच्या बिरुदाला आणि कनकामराच्या काव्याला ती ठाऊक नव्हती. मात्र या तिन्ही साक्षींमधील एक उणीवही लपवून चालणार नाही. व्यापाऱ्याने किनारा पाहिला, राजांनी तो मिरवला, कवीने तो कल्पिला. ज्याच्या मागावरून हा सारा संबंध सुरू झाला त्या विणकराचा एकही शब्द आपल्याजवळ नाही. आपले कापड कोणत्या लाटांवरून जाते हे त्याला ठाऊक तरी होते का, हेही सांगता येत नाही. पुढे तेराव्या शतकात याच तेरमध्ये एका कारागिराला शब्द सापडला. गोरा कुंभारांच्या अभंगांमुळेच आज बहुसंख्य महाराष्ट्र या गावाला ओळखतो. वारकरी तेथे त्यांच्या समाधीला येतात. तेथून जवळच असलेल्या संग्रहालयातील त्या हस्तिदंती प्रतिमेपर्यंत त्यांतले थोडे जरी गेले, तर तेरच्या पश्चिमेला कधीकाळी एक समुद्रही होता, हे त्यांना कळेल.