ब्राम्सची ‘आल्टो ऱ्हाप्सोडी’ व गटेचे काव्य

योहानेस ब्राम्सने इ. स. १८६९ मध्ये रचलेली ‘आल्टो ऱ्हाप्सोडी’ ही एक स्त्रीस्वर, पुरुषवृंद व वाद्यवृंद ह्यांच्यासाठी असलेली कृती चरित्रकारांच्या विशेष आवडीची आहे. कारण उघड आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये क्लारा शूमानने आपली कन्या यूली हिच्या वाङ्निश्चयाची वार्ता ब्राम्सला सांगितली व तो एकाएकी अबोल झाला. सप्टेंबरात विवाह झाला, आणि लवकरच ही रचना त्याने क्लाराला दाखविली. तिला तो आपले ‘विवाहगीत’ म्हणे. क्लारालाही तीत त्याच्याच अंतःकरणातील दुःख दिसले, असे तिची दैनंदिनी सांगते. साक्ष इतकी सबळ असता पुढील चौकशी अनावश्यक वाटावी. परंतु ज्या काव्यावर ही कृती उभी आहे, त्याचा इतिहास ह्या चौकटीत मावत नाही.

‘हार्ट्‌स पर्वतातील हिवाळी प्रवास’ हे काव्य गटेच्या डिसेंबर १७७७ मधील प्रवासातून जन्मले. वायमारच्या ड्यूकची मंडळी शिकारीस निघाली असता गटे एकटाच त्या पर्वताकडे वळला. १० डिसेंबरास त्याने ब्रोकेनचे शिखर गाठले. पण तत्पूर्वी वेर्निगेरोडे येथे प्लेसिंग नावाच्या एका विषण्ण तरुणाची त्याने भेट घेतली. ह्या तरुणाने गटेला पत्रे लिहिली होती व त्यांना उत्तर मिळाले नव्हते. गटेने आपले नाव लपविले, चित्रकार असल्याची बतावणी केली, आणि प्लेसिंगने आपले पत्र खुद्द गटेलाच वाचून दाखविले! हा प्रसंग गटेने पुढे स्वतःच नमूद केला आहे. काव्यातील वाट चुकलेला, मनुष्यद्वेषाने पोळलेला एकाकी पुरुष तो हाच. तो वाया गेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पुढे तो ड्यूसबुर्ग येथे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला.

मूळ काव्यात हा एकाकी पुरुष केवळ मध्यभागी येतो. कवी त्याच्यासाठी प्रार्थना करतो, शिकाऱ्यांना आशीर्वाद देतो आणि अखेरीस हिमाच्छादित शिखरापाशी पोहोचतो. ब्राम्सने मधली तीनच कडवी घेतली, शिखर गाळले. ही निवड केवळ प्रेमभंगाने झाली असे म्हणता येत नाही. १७९२ मध्ये रायखार्टने ह्याच काव्याचा अंश ‘ऱ्हाप्सोडी’ ह्याच नावाने स्वरबद्ध केला होता, व ती रचना ब्राम्सला ठाऊक होती. काव्याचे खंडन आणि कृतीचे नाव ह्या दोन्ही गोष्टींना, म्हणजे, परंपरेचा आधार होता.

मग ब्राम्सचे स्वतःचे काय? ते तिसऱ्या कडव्यात सापडते. पहिली दोन कडवी स्त्रीस्वर एकटाच गातो. सी मायनरमधील त्या अंधाऱ्या वाटेवर कोणी सोबती नाही. प्रार्थनेच्या आरंभी सी मेजर येतो, आणि त्याच क्षणी पुरुषवृंद प्रथमच ऐकू येतो. गटेची प्रार्थना एकट्या कवीची होती. ब्राम्सने ती समुदायाच्या मुखी घातली व एकाकी स्वराला त्या समुदायात स्थान दिले. स्वतःचे दुःख उगाळणाऱ्याला ह्या पुरुषवृंदाची गरज नव्हती. यूलीच्या विवाहाने रचनेचा काळ उलगडतो, तिची घडण नव्हे.

३ मार्च १८७० रोजी येना येथे झालेल्या पहिल्या जाहीर प्रयोगात पोलीन व्हियार्दो गायिली. शेवटचे शब्द ज्या स्वरसंगतीवर विसावतात, ती चर्चमधील ‘आमेन’ची आहे, त्या प्रार्थनेला उत्तर मात्र काव्याच्या घेतलेल्या भागात कोठेही नाही.