मासळीतला पारा

श्रोतेहो, चिंचपाडा समुद्रापासून दूर खरे. पण सुकी मासळी आपल्या बाजारालाही ठाऊक आहे. म्हणून ही किनाऱ्यावरची हकीकत आपणही ऐकावी.

जपानात मिनामाता येथील रसायनांचा कारखाना १९३२ पासून पारामिश्रित सांडपाणी समुद्रात सोडीत असे. एवढ्या मोठ्या समुद्रात एवढासा पारा काय करणार, असे वाटेल. पण पाऱ्याचे ते विष सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत जाते आणि पायरीगणिक वाढत जाते. गुरुजी, ही शिडी मुलांना फळ्यावर काढून दाखवा.

आधी मांजरे झिंगून तडफडली. मग माणसांचे हात कापू लागले, नजर अधू झाली. पोटातली बाळेही सुटली नाहीत. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच दवाखान्यातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ साली मांजराला सांडपाणी चारून पाहिले. मांजर तसेच आजारी पडले. पण ही गोष्ट दडपली गेली. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली! तोवर सांडपाणी वाहतच होते.

आपल्या ठाण्याच्या खाडीतील पाऱ्यावरही १९८१ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मिनामाताच्या नावाने २०१३ साली जागतिक करार झाला. भारताने तो २०१८ साली स्वीकारला.

मंडळी, मासळी सोडा असे मी म्हणत नाही. लहान मासळीत पारा साधारणपणे कमीच असतो. पण माशात शिरलेला पारा धुऊन वा शिजवून निघत नाही. त्याला अडवायचे ते कारखान्याच्या नळाशीच.