एका बशीत चार हात

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात बाल्कन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. सर्बिया, बोस्निया, बल्गेरिया ही तिथली राष्ट्रे. तिथे चार मित्र बाहेर जेवायला गेले, की प्रत्येकापुढे भरलेले ताट येत नाही. मधोमध लहान लहान बशा मांडतात. एकीत चीज, एकीत भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरचीची चटणी, एकीत विस्तवावर भाजलेले खिम्याचे बोटभर तुकडे. सोबत द्राक्षाची वाइन. ज्याला जे हवे ते त्याने उचलावे आणि गप्पा मारीत बसावे. या बशांना तिकडे 'मेझे' म्हणतात.

आता गंमत पाहा. हा शब्द तुर्कांनी तिकडे नेला, पण मुळात तो फारसी. अर्थ चव. तोच आपल्याकडे येऊन 'मजा' झाला! तिकडच्या जुन्या हॉटेलांना 'काफाना' म्हणतात, म्हणजे कहवाखाना. आपल्या कारखान्यातला 'खाना' तो हाच. (खाणावळीतले खाणे मात्र अस्सल घरचे, बरं का.) मग मजा आली, खाना आला, तर ती मधली बशी का नाही आली?

कारण आपल्याकडे उष्टे-खरकटे आडवे आले. पान ज्याचे त्याचे, आणि पंगत जातीजातीची. जेवण म्हणजे नुसते पोट भरणे नव्हते. आपला कोण आणि परका कोण, हे तिथे ठरायचे.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली नामवंत मंडळी जमली. चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी घेतली, कुणी कप तसाच ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी हे मोठे वल्ली. त्यांनी हजर मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापवली. झालं! ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे, दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. आणि हा चहा ज्याच्या त्याच्या कपातला होता, एका बशीतला नव्हे!

मला यापेक्षा मोठा वाटतो तो कोल्हापूरचा चहा. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना पैसे देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावीत. छत्रपतींनी घेतल्यावर नाही कोण म्हणणार! पुढे १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह काढले, तेही याच वाटेवरचे.

पिंपरी-चिंचवडकडे ही गोष्ट आली ती उपदेशाने नव्हे, यंत्राने. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६० नंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागांत मोठे कारखाने उभे राहिले. १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होते, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. २५० पेक्षा जास्त कामगार असतील, तर तिथे उपाहारगृह काढायला सरकार मालकाला भाग पाडू शकत असे. भोंगा झाला की सगळे एकाच रांगेत. मावळातला शेतकऱ्याचा पोरगा, फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत आलेला सिंधी, मराठवाड्यातला दलित तरुण, सगळ्यांना एकाच पातेल्यातले वरण. पुढच्या सुट्टीत डबे उघडायचे आणि भाजीची देवाणघेवाण व्हायची. माझ्या मते इथली पहिली 'मेझे' हीच.

पण गेटाबाहेर काय होते? अनेक खेड्यांत चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे, आणि ती ज्याची त्याने विसळायची. बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ काढावी लागली ती १९७२ साली, पिंपरीचा कारखाना निघाल्यावर अठरा वर्षांनी.

राहिला पेला. तो प्यावा असे मी सांगत नाही, इतिहास सांगतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. पुढे तो पुष्कळ सैल झाला, तरी पिणाऱ्याला परवाना हवा, ही अट कागदावर आजही आहे. अशा राज्यात, चाकणवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला, शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फेसाळणारी वाइन तयार केली आणि ती परदेशी पाठवली. द्राक्ष जुन्नर तालुक्यात पिकायचे, पण त्याची वाइन मित्रांबरोबर पिण्याची रीत गावात नव्हती. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणले, नाशिककडे वाइनचे कारखाने वाढले, आणि शहरातल्या हॉटेलांत वाइनचा पेला दिसू लागला.

२००९ साली चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले. आता शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर टोळकी उतरतात. कुणी बिहारचा, कुणी तामिळनाडूचा, कुणी खेड तालुक्यातला. मधोमध भाजलेले पापड, शेंगदाणे, सुक्या मटणाची बशी येते. याला ते 'चकणा' म्हणतात. पूर्वी अशा टेबलाशी बाई दिसत नसे. आता कारखान्यातल्या मुलीही मैत्रिणींना घेऊन जेवायला येतात, त्यांच्यापुढे बहुधा पनीर आणि सरबत असते. आडनाव विचारायच्या आत बशी रिकामी होते, आणि वेटर दुसरी आणायला वळतो.