नेम आणि ओळख

धनुर्विद्या पुष्कळ देशांत वाढली. परंतु तिच्या खऱ्या कसोटीची वेळ सर्वत्र एकच. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचा घटकाभराचा काळ ही ती वेळ होय. हरिणासारखीं जनावरें पहाटे आणि सायंकाळीं अधिक हिंडतात. म्हणजे सावज समोर येण्याचा संभव जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच पाहण्यास उजेड सर्वांत कमी. हा पेंच शिकाऱ्यांनीं कोणत्या साधनांनीं सोडवला आणि तो खरोखर सुटला काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या दोन महाकाव्यांत या प्रश्नाच्या दोन बाजू आधींच मांडलेल्या आहेत. अर्जुनास अंधारांत जेवावयास वाढूं नये अशी ताकीद द्रोणांनीं आचाऱ्यास दिली होती, असें आदिपर्व सांगतें. पुढें एकदां जेवतांना वाऱ्यानें दिवा विझला, तरी हात संवयीनें तोंडाकडे जातच राहिला. तेव्हां अर्जुनानें ओळखलें कीं हाताला डोळ्याची गरज नाहीं, अभ्यासाची आहे, आणि तो रात्रीं बाण सोडण्याचा सराव करूं लागला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण संतुष्ट झाले. दुसरी कथा अयोध्याकांडांतील. पावसाळ्यांतील रात्रीं शरयूच्या तीरीं दशरथ शिकारीस गेला. घडा भरत असतांना झालेला आवाज त्यास हत्तीचा वाटला. त्यानें बाण सोडला, आणि अंध मातापित्यांचा आधार असलेला तापसकुमार प्राणास मुकला. दशरथाचा नेम चुकला नव्हता. ओळख चुकली होती. नेम आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें सूत्र हातीं धरलें म्हणजे पुढील सर्व इतिहास सुबोध होतो.

युरोपांत नेमाचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो भर दिवसाच्या मैदानांत. रॉजर ॲस्कम या इंग्रज विद्वानाचा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ 1545 सालीं निघाला. इंग्रजी भाषेंत धनुर्विद्येवर लिहिलेलें तें पहिलें पुस्तक. उभें राहणें, बाण जोडणें, ओढणें, धरणें आणि सोडणें असे पांच विभाग पाडून त्यानें ही विद्या शिकवली. पुढें होरेस फोर्ड यानें 1849 पासून सलग 11 वर्षें राष्ट्रीय अजिंक्यपद राखलें, आणि 1856 च्या आपल्या पुस्तकांत बाण कानाकडे ओढण्याची जुनी रीत सोडून तो डोळ्याच्या बरोबर खालीं आणावा असें प्रतिपादन केलें. हाताच्या संवयीची जागा आतां डोळ्याच्या रेषेनें घेतली. पण फोर्डचें लक्ष्य रंगीत वर्तुळांचें होतें. तें हालत नव्हतें, आणि तें काय आहे याविषयीं कोणास शंका नव्हती.

शिकारीचा प्रश्न पुन्हां उभा राहिला तो अमेरिकेंत. आपल्या याही जमातीपैकीं एकटाच उरलेला इशी 1911 सालीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवीं प्रकट झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यवैद्य सॅक्सटन पोप यांनीं त्याच्यापासून धनुर्विद्या घेतली. 1916 सालीं इशी क्षयानें वारला; 1923 सालीं पोप यांचें धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि या विद्येस नवे चाहते मिळाले. इशीच्या धनुष्यावर नेमाचें कोणतेंही उपकरण नव्हतें. त्याचें खरें साधन म्हणजे सावजाच्या अगदीं जवळ जाण्याची चिकाटी. सशासारखा आवाज काढून तो सशासच आपल्याकडे बोलावी. जो इतका जवळ जातो त्याची ओळख सहसा चुकत नाहीं.

1934 सालीं विस्कॉन्सिन राज्यानें केवळ धनुर्धाऱ्यांसाठीं हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम प्रथम ठेवला, आणि छंदाचें रूपांतर प्रघातांत झालें. खरी क्रांति मात्र मिसुरी राज्यांतील हॉलेस ॲलन यानें केली. कप्प्यांच्या धनुष्याचें पेटंट त्यास 1969 सालीं मिळालें. साधें धनुष्य जितकें ओढावें तितकें जड होत जातें. कप्प्यांचें धनुष्य पूर्ण ओढल्यावर हलकें होतें. त्यामुळें शिकाऱ्यास बाण ताणून क्षणभर थांबतां येऊं लागलें, आणि थांबतां आलें म्हणून बारकाईनें पाहणेंही शक्य झालें. मुठीच्या वर पिनांची चौकट आणि प्रत्यंचेच्या धाग्यांमध्यें बसवलेली छिद्राची कडी, जिला ‘पीप’ म्हणतात, या जोडीस शिकारींत जें महत्त्व आलें तें यामुळेंच. पिन आणि पीप मिळून बंदुकीप्रमाणें दोन बिंदू होतात, आणि डोळा त्या रेषेवर स्थिर राहतो.

परंतु निसर्ग प्रत्येक सोयीची किंमत घेतो. तरुण माणसाची बाहुली काळोखांत सुमारें 7 मिलिमीटरपर्यंत विस्फारते. एकअष्टमांश इंचाच्या पीपमधून मात्र प्रकाशास 3.2 मिलिमीटरचीच वाट मिळते. आणि प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत शिरत असल्यामुळें डोळ्यास मिळूं शकणाऱ्या उजेडाचा जेमतेम पांचवा हिस्सा आंत येतो. तीनषोडशांश इंचाचें छिद्र घेतलें तर जवळजवळ निम्मा, पाव इंचाचें घेतलें तर सुमारें चारपंचमांश. दुपारीं लहान छिद्र उत्तम, कारण त्यांतून पिन आणि लक्ष्य दोन्हीं रेखीव दिसतात. सायंकाळीं तेंच छिद्र डोळ्यावर पडदा टाकतें. म्हणून जाणता शिकारी मोठें छिद्र पत्करतो, आणि पिनांभोंवतीची गोल चौकट त्या छिद्राच्या कडेस नेमकी मिळेल अशी निवडून मोठ्या छिद्रामुळें येणारी ढिलाई भरून काढतो. उतारवयांत बाहुलीच फारशी विस्फारत नाहीं. तेव्हां छिद्र कितीही वाढवलें तरी लाभ थोडाच.

पिनांचीही हीच कथा. प्रकाशवाहक तंतूच्या पिना भोंवतालचा उजेड गोळा करून टोंकाशीं आणतात. पण भोंवतालीं उजेडच उरला नाहीं म्हणजे त्या काय गोळा करणार? तंतु जाड घ्यावा तर ठिपका तेजस्वी होतो, पण लक्ष्याचा अधिक भाग झांकतो. मंद प्रकाशांत तांबडा रंग आधीं काळवंडतो आणि हिरवा टिकतो, हें बोहेमियन शास्त्रज्ञ पुर्किंये यांनीं 19 व्या शतकाच्या पूर्वार्धांत टिपलें होतें. पुष्कळ शिकारी हिरवी पिन पसंत करतात त्याचें एक कारण हें. ट्रिटियमची पिन स्वतःच प्रकाशते, आणि सुमारें 12 वर्षांनीं तिचें मूळ द्रव्य निम्म्यावर येतें. विजेचा बारीक दिवाही लावतां येतो, पण कांहीं राज्यांचे नियम धनुष्यावर विजेचें उपकरण चालूं देत नाहींत. शिवाय पिन फार उजळ झाली कीं अंधारास सरावलेला डोळा दिपतो. पिन स्पष्ट दिसते आणि तिच्यामागचें जनावर नाहींसें होतें.

आमच्या मतें या सर्व इतिहासाचें मर्म येथें आहे. उपकरण नेम सुधारतें, ओळख सुधारीत नाहीं. किंबहुना चकाकणारी पिन शिकाऱ्याच्या मनांत ‘आपणांस दिसत आहे’ असा भ्रम उत्पन्न करते. वास्तविक दिसत असते ती पिनच. डोळ्याच्या रचनेंतही हाच धोका आहे. मंद उजेडांत काम करणाऱ्या पेशी दृष्टीच्या ऐन केंद्रस्थानीं नसतात. त्यामुळें काळोखांत ज्या वस्तूवर आपण टक लावावी तीच विरघळूं लागते. अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं हरणांच्या शिकारीस सूर्योदयापूर्वीं अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुदत ठेवली आहे. ती मनुष्याच्या डोळ्याची मर्यादा ओळखूनच, असें आम्हांस वाटतें. जखमी सावज रात्रीच्या रानांत हरवून तडफडत मरणें किंवा हरणाऐवजीं मनुष्यास बाण लागणें, या दोहोंची भरपाई कोणत्याही कौशल्यानें होत नाहीं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हा प्रश्न बहुतेकांच्या अनुभवाबाहेर गेला आहे. तरीही त्यांतला बोध शिकाऱ्यापुरता नाहीं. पीपमधून लक्ष्य दिसेनासें झालें म्हणजे तें उपकरण निकामी झालें, असें नवशिका समजतो आणि अधिक तेजस्वी पिन शोधतो. मुरलेला मनुष्य त्याच काळोख्या छिद्रास पंच मानतो, ताणलेला बाण हळूच उतरवतो आणि घरची वाट धरतो.