वय झाले, की ग्रंथी थकल्या?

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कमालीचा अशक्तपणा, क्षीण नाडी, अन्नावरची वासना उडणे आणि कातडी काळवंडत जाणे ही त्यांची लक्षणे. विच्छेदनांत मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या, अनेकदा क्षयामुळे. या ग्रंथींचे कार्य तेव्हा अज्ञात होते. १८५६ मध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, तेव्हा ते प्राणी जगले नाहीत.

या ग्रंथींत कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. दुसरे कमी पडले की लघवीवाटे मीठ निसटते, रक्तदाब उतरतो. कॉर्टिसॉल घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आपले चेतक संप्रेरक अधिकच सोडते. तेच त्वचेच्या रंगपेशींनाही चेतवते. म्हणून रंग गडद होतो.

आता हेच निदान नाशिकजवळच्या एखाद्या सत्तरीच्या शेतकऱ्याबाबत करायचे आहे, असे समजा. कातडी मूळची सावळी, त्यात उन्हाने रापलेली. थकवा, घटते वजन, उठताना चक्कर, तोल जाऊन पडणे, कधी बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात, 'वय झालं.' अशा वेळी हिरड्या, गालाची आतली बाजू, तळहाताच्या रेषा पाहाव्या लागतात. रक्तातील सोडियम कमी असणे हाही एक धागा. मग सकाळचे कॉर्टिसॉल मोजतात. गरज पडल्यास चेतक संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन ते वाढते का, हे तपासतात.

आपल्याकडे क्षय हे आजही या विकाराचे महत्त्वाचे कारण आहे. दुसरे कारण अ‍ॅडिसनच्या काळी नव्हतेच. केंडॉल, राइखस्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल मिळवून देणाऱ्या संशोधनातून कॉर्टिसोन हे औषध हाती आले आणि हे रुग्ण जगू लागले. पण दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी अशी स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेतली, की पीयूषिका गप्प होते आणि अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकते. इथे पीयूषिकाच गप्प असल्याने कातडी काळवंडत नाही. अ‍ॅडिसनची खूणच नाहीशी होते.

म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या थकव्याची चौकशी करताना वयाइतकेच महत्त्व एका प्रश्नाला आहे: आजवर कोणकोणती औषधे घेतली आणि कोणती अलीकडे बंद केली?