कृश मधुमेही : एका निदानाचा इतिहास

मधुमेह आहे की नाही हे रक्तातील साखर मोजून कळते. तो कोणत्या प्रकारचा, हे मात्र तेवढ्याने कळत नाही. या भेदाची जाणीव भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून आहे. चरकसंहितेत प्रमेहाचे रुग्ण स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन प्रकारचे मानले असून पहिल्यास शोधन, तर दुसऱ्यास बृंहण, म्हणजे पोषक चिकित्सा सांगितली आहे. आधुनिक अंतःस्रावशास्त्राच्या वर्गीकरणात मात्र या कृश रुग्णाचे स्थान कधीच स्थिर राहिले नाही.

१९५५ मध्ये ह्यू-जोन्स यांनी जमैकातील काही तरुण, सडपातळ रुग्णांचे वर्णन केले. त्यांना इन्सुलिनची मोठी मात्रा लागे. पण ते न मिळाल्यासही पहिल्या प्रकारात अपेक्षित असलेली कीटोनविषबाधा होत नसे. पुढे १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'कुपोषणसंबंधित मधुमेह' हा स्वतंत्र वर्ग मान्य केला. १९९९ मध्ये तो वगळण्यात आला. प्रथिनांच्या अभावाने मधुमेह होतो यास पुरेसा पुरावा नाही, असे कारण देण्यात आले. पुरावा अपुरा होता हे खरेच. पण संशोधनाची साधने ज्या देशांत होती, तेथे असे रुग्ण क्वचितच आढळत, हेही विसरता येत नाही.

दरम्यान पुण्यात वेगळाच पेच पुढे आला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. तथापि पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील मेद त्या प्रमाणात कमी नव्हता. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के व याज्ञिक यांचा २१.२ टक्के. म्हणजे दिसण्यातील कृशता फसवी असू शकते. एका सडपातळ रुग्णात लपलेला मेद व इन्सुलिनरोध, तर दुसऱ्यात इन्सुलिनचीच उणीव असू शकते. २०२२ मध्ये पुण्यातील तरुण वयात मधुमेह जडलेल्या रुग्णांच्या अभ्यासात तीव्र इन्सुलिन-उणिवेचा गट सर्वांत मोठा आढळला.

हा वाद केवळ नावाचा नव्हे. कल्याण–कसारा मार्गावरील खडवलीसारख्या गावातून आलेल्या सडपातळ तरुणाची सी-पेप्टाइड व प्रतिपिंडांची चाचणी न करता पहिल्या प्रकाराचा शिक्का मारला, तर इन्सुलिनची मात्रा गरजेहून अधिक होऊन साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दुसरा प्रकार मानून वजन घटवण्याचा सल्ला दिला, तर आधीच अशक्त असलेला देह अधिकच खंगतो.

वेल्लोर येथील २०२२ च्या अभ्यासात अशा रुग्णांत इन्सुलिनरोध नव्हे, तर इन्सुलिनस्रावाची उणीव प्रमुख असल्याचे दिसून आले. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉक येथील अधिवेशनात या विकारास 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात तो नाही, आणि त्याच्या निश्चित व्याख्येबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.